राणीची प्रजा

स्वतःच्याच घराच्या बेसमेंटची बेल वाजवून आतून उत्तर येईपर्यंत बर्फात उभा राहणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला. कॅनडात किचनरमधल्या त्या बेसमेंटमध्ये मी तीन-चार वर्षं भाड्याने राहिले. वर घरमालक काका एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. वरून खाली यायला घराच्या आतूनच जिना होता. त्याला दार होतं, पण कडीसुद्धा नव्हती. तरी काकांचं माझ्याकडे काही काम निघालं, की ते कोट चढवायचे, टाय सरळ करायचे, पुढच्या दाराने बाहेर पडायचे आणि घराला वळसा घालून साइड डोअरची बेल वाजवायचे. बाहेर उणे वीस असलं तरी. उद्या घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला माणूस येणार, एवढंच सांगायचं असायचं. ते सांगून आल्या वाटेने परत जायचे.

मी जन्माची भित्री. नागपूरला पाल दिसली तरी गल्ली गोळा करायची. त्या बेसमेंटमध्ये पहिल्या आठवड्यात फर्नेस धाडकन सुरू झाली की मी उठून बसायची. परक्या देशात, परक्या माणसाच्या घरात, एकटी बाई. आईने फोनवर नको नको ते सांगून ठेवलं होतं. अशा वेळी बेल वाजवून बाहेर थांबणारा म्हातारा मला देवासारखा वाटला. पण ह्याच देवाने पहिल्या दिवशी चावी हातात देताना सांगितलं होतं, पुढचं दार पाहुण्यांचं, साइड डोअर तुझं. ते मला झोंबलं. आई तर म्हणालीच, भांडेवालीला मागच्या दाराने बोलावतात तसं का गं? मग एकदा हिय्या करून मी काकांना विचारलं.

"त्यात अपमान कसला?" ते म्हणाले. "तुझी जागा ठरली, माझी ठरली. आता तुझ्या जागेत यायचं तर राजालासुद्धा विचारून यावं लागेल. इंग्रजाकडून शिकण्यासारखं एवढं एकच आहे."

काकांच्या लेखी जगात देश दोनच, इंग्लंड आणि अमेरिका. इंग्लंडमध्ये त्यांनी तरुणपणाची वर्षं काढली होती. अमेरिका त्यांनी नातेवाइकांकडे जाऊन जेवढी पाहिली तेवढीच, पण मत मात्र भरपूर होतं. कॅनडा हे दोघांच्या भांडणात शहाणं निघालेलं पोर, त्याच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणं झाली, की आमच्यासारखी पुण्या-नागपूरची सॉफ्टवेअरवाली पोरं त्यांच्याभोवती जमायची आणि कोणीतरी मुद्दाम काडी टाकायचं. काका, अमेरिकेत सगळे कसे समान, नाही? की सुरू.

"इंग्रज तुमची पायरी बघतो," ते म्हणायचे, "पण तुमच्या खिशात हात घालत नाही. अमेरिकन पायरीबियरी मानत नाही, थेट गळ्यात हात टाकतो. आणि टाकता टाकता खिसे चाचपतो. इंग्लंडात एखाद्याला 'तुम्ही काय करता?' असं विचारणं म्हणजे अडाणीपणा. अमेरिकेत नाव विचारायच्या आधी तेच विचारतात. आणि तिथला पोलीस तुम्हाला सर म्हणाला, की समजायचं, आता बेड्या."

आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. ह्या विषयात त्यांना गंमत दिसतच नसे. ओंटॅरिओचं जुनं, लाल-पांढरं, फोटो नसलेलं हेल्थ कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं आणि नवं फोटोवालं घ्यायला साफ नकार दिला होता. आजारी पडायला फोटो कशाला लागतो, असा त्यांचा प्रश्न. कॅनडाचं नागरिकत्वही घेतलं नाही, ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. राणी दोन्हीकडची एकच, मग एकाच राणीची प्रजा व्हायला दोनदा अर्ज का करायचा? टाय लावून दारासमोरचा बर्फ फावड्याने काढायचे. शेजाऱ्यांशी हवामानाखेरीज अवाक्षर बोलायचे नाहीत. आणि इंग्रजी असं बोलायचे की बँकेतली पोरगी खुर्चीत सरळ बसायची. मला मात्र कुठेही भेटलं तरी ओळख करून देताना 'ही माझी भाडेकरू' असंच म्हणायचे. मी त्यांना काका म्हणते ह्याला त्यांची हरकत नव्हती, पण त्यांनी मला कधी पुतणी केलं नाही.

इंग्लंडमध्ये ते काय करत होते हे कोणाला नीट माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, मी ट्रान्सपोर्टमध्ये होतो. त्या उच्चारावरून आणि त्या टायवरून मंडळाने ठरवून टाकलं होतं की हे रेल्वेत नाहीतर बंदरात मोठे इंजिनियर असणार. किचनरला आल्यावर टायरच्या कारखान्यात ते इन्स्पेक्टर झाले, तर लोक म्हणायचे, बघा, कॅनडाने माणसाची कदर केली नाही. काकांनी हे कधी खोडून काढलं नाही.

मंदीच्या त्या वर्षांत काकांचं अमेरिकेबद्दलचं भाष्य माझ्या अंगावर आलं. माझी कंपनी अमेरिकन. टेक्सासहून आलेला आमचा मॅनेजर रँडी पहिल्याच दिवशी म्हणाला होता, मला नावाने हाक मार, माझं दार नेहमी उघडं आहे. वाढदिवसाला केक कापायचा, मिठी मारायचा. एका सकाळी माझं कार्ड ऑफिसच्या दाराला लागेना. मला वाटलं कार्ड बिघडलं. तर सिक्युरिटीवाला एक खोका घेऊन बाहेर आला. त्यात माझा मग, माझी चप्पल आणि गणपतीची छोटी मूर्ती होती. रँडीचं दार तेवढं त्या दिवशी बंद होतं. मी रडत घरी आले. काकांनी नेहमीप्रमाणे बाहेरून येऊन बेल वाजवली आणि नोकरी मिळेपर्यंत भाड्याचं बघू नकोस म्हणाले. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत.

त्यानंतरच्या मार्च महिन्यातली गोष्ट. भर सकाळी मी लॅपटॉपवर नोकऱ्या शोधत बसले होते आणि आतल्या जिन्याचं दार उघडलं. बेल नाही, टाय नाही, पायात मोजेसुद्धा नाहीत. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. ह्या माणसाने आपला नियम मोडला म्हणजे कोणीतरी मेलं असणार, असंच वाटलं.

मेलं कोणी नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी शलाका मिशिगनमध्ये राहायची, ब्रायन नावाच्या तिकडच्याच मुलाशी लग्न करून. तिला सातवा महिना होता. ब्लड प्रेशर एकदम वाढलं म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, आणि बाळाला लगेच बाहेर काढायचं की थांबायचं ह्यावर डॉक्टर विचार करत होते. शलाका स्वतः फोनवर होती. बाबा, जस्ट कम, आय अॅम स्केअर्ड, एवढंच म्हणाली होती.

काका मुलीच्या घरी कधीच गेले नव्हते. अमेरिकेने परदेशी माणसांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, ठसे चोरांचे घेतात, मी जाणार नाही. म्हणून लग्न किचनरला झालं. म्हणून दर दिवाळीला शलाकाच यायची, आणि निघताना म्हणायची, बाबा, माझं घर तरी बघा. ते हवामानाबद्दल बोलायचे.

"गाडी काढतेस?" त्यांनी विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं.

मी हो म्हणाले आणि मग घाबरले. माझ्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, पण तो कंपनीच्या कामासाठी घेतलेला. आता सीमेवर 'काय करता?' विचारलं तर काय सांगायचं? नोकरी आहे म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर त्यांना वाटणार, ही तिकडे कामाला चालली. आणि एकदा परत पाठवल्याची नोंद झाली तर इथल्या ज्या नोकऱ्यांसाठी मी तडफडत होते त्यातल्या निम्म्या हातच्या गेल्या, कारण सगळ्यांना महिन्या-दोन महिन्यांनी अमेरिकेत जाणारा माणूस हवा असायचा.

ओंटॅरिओतलं लंडन गाव मागे पडल्यावर हायवेवर बर्फ आडवं यायला लागलं. पुढच्या ट्रकचे दिवे दिसायचे, मग दिसायचे नाहीत. मी स्टिअरिंग घट्ट धरून रामरक्षा पुटपुटत होते. काका शेजारी कोट-टायमध्ये ताठ बसले होते. सीमेवरचा सार्नियाचा पूल जवळ आला तसा त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. मी म्हणाले, काका, विचारतील त्याची नीट उत्तरं द्या हो, वाद घालू नका. ते म्हणाले, मी वाद घालत नसतो, पण ज्याला अधिकार नाही त्याला मी उत्तरही देत नसतो. मला तिथूनच गाडी वळवावीशी वाटली. पण पुलावर गाडी वळवता येत नाही.

पुलापलीकडच्या अमेरिकन बूथमधल्या पोराने पासपोर्ट बघून मला विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हणाले, माय अंकल. ह्यात विचार करण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही. ज्याला रोज काका म्हणायचं तो दुसरा कोण असणार? मग त्याने काकांना विचारलं, कशासाठी चाललात? काका समोर काचेकडे बघत म्हणाले, "प्रायव्हेट."

त्याने आमचे पासपोर्ट एका पिवळ्या पाकिटात घातले आणि गाडी बाजूला लावून आत जायला सांगितलं. 'सर' म्हणाला तो.

आतल्या हॉलमध्ये बाकं होती आणि एक लांब काउंटर. आधी काकांना बोलावलं. काउंटरमागे टक्कल पडलेला, थकलेल्या चेहऱ्याचा अधिकारी होता. मी मागच्या बाकावर होते, सगळं ऐकू येत होतं. त्याने विचारलं, ती मुलगी तुमची पुतणी ना? आणि काका आपल्या त्या सुंदर इंग्रजीत म्हणाले, सर्टनली नॉट, शी इज माय टेनंट.

अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मला पुढे बोलावलं आणि विचारलं, काय काम करता? मी खरं ते सांगितलं, नोकरी गेली. कुठे चाललात? ह्यांच्या मुलीकडे. तिला काय झालंय? बाळ होणार आहे. त्याने पेन खाली ठेवलं. त्याच्या जागी मी असते तरी मला तेच वाटलं असतं. बेकार बाई, म्हाताऱ्याच्या घरात राहते, त्याच्या गरोदर मुलीकडे निघालीय आणि नातं विचारलं तर खोटं सांगते. बाळ सांभाळायच्या कामाला नेताय हिला? त्याने काकांना विचारलं. काका म्हणाले, आदर राखून सांगतो, ही माझी खासगी बाब आहे.

अधिकारी आवाज न चढवता म्हणाला, सर, तुम्ही ठसे द्या आणि जा, जावयाला न्यायला बोलवा. ह्या बाई परत जातील. अधिकाऱ्याशी खोटं बोलल्याची नोंद होईल, आणि ती झाली की ह्यांना पुन्हा इथे येता येईल असं मला वाटत नाही.

ब्रायनला फोन केला असता तर तो तासा-दीड तासात आला असता. काका संध्याकाळच्या आत शलाकाच्या उशाशी बसले असते. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, जातील. जाऊ देत, असंही वाटलं, आणि जाऊ नका असं ओरडावंसंही वाटलं. मला रडूच फुटलं. काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. मला तेव्हा वाटलं ते ठशांना घाबरलेत.

मग ते काउंटरकडे वळले आणि म्हणाले, विचारा, काय विचारायचं ते विचारा.

अधिकाऱ्याने सुरुवातीपासून धरलं. जन्म कुठला, वडील काय करत, आत्ता तुम्ही काय करता, त्याआधी काय करत होता. टायरच्या कारखान्यात. आणि त्याआधी, इंग्लंडमध्ये?

काका बोलले, पण तो बँकेतला आवाज नव्हता. सगळे ठसठशीत उच्चार गळून पडले होते, कुठल्यातरी कारखान्यांच्या गावातलं भरभर, जाड इंग्रजी होतं ते.

"बस कंडक्टर होतो. वुल्व्हरहॅम्प्टनला. माझ्या बसमधली एकूण एक पंजाबी बाई मला भाई म्हणायची, आणि मी त्यांच्यातल्या एकीचाही भाऊ नव्हतो. आमच्यात म्हाताऱ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, नातं लावतात. ही मुलगी मला रोज काका म्हणते, म्हणून तिने तुम्हाला काका सांगितलं. ती खोटं बोलली नाही. मी तिला नातं लावत नाही, कारण मी इंग्रजांकडून भलतंच शिकलो. ती मला माझ्या मुलीकडे पोचवायला आली आहे. माझी मुलगी घाबरली आहे हो."

अधिकाऱ्याने ते टाइप केलं. बस कंडक्टर ह्या शब्दाला त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. जे काकांनी साऱ्या जगापासून लपवलं होतं, ते त्याच्या कामाचंही नव्हतं. तो उठून मागच्या खोलीत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तेव्हा म्हणाला, सर, उजव्या हाताची चार बोटं.

काकांची बोटं म्हातारपणाने कोरडी पडलेली, यंत्राला ठसा दिसेना. अधिकाऱ्याने ओल्या टिश्यूने ती पुसली आणि त्यांच्या बोटांवर आपला हात ठेवून दाबली. एकेक बोट, मग अंगठे. काका डोळे मिटून उभे होते. मग दोघांच्याही पासपोर्टात कागद लागले आणि आम्हाला सोडलं. मी त्या माणसाला चारदा थँक्यू म्हणाले.

पलीकडे हायवेला लागल्यावर काका बोलले.

"शलाकाला माहीत नाही."

"मी कुणाला सांगणार नाही, काका."

"तू सांगशील असं कुठे म्हणतोय मी?" ते म्हणाले. "तुला माहीत आहे, एवढंच."

हॉस्पिटलमध्ये शलाका त्यांना बघून लहान मुलीसारखी रडली. तिचं प्रेशर उतरलं, बाळाला आणखी काही आठवडे पोटात राहू दिलं, मुलगी झाली आणि चांगली झाली. काका नंतर दर महिन्याला जायला लागले. ब्रायन येऊन न्यायचा. त्या सगळ्याचा मला फार आनंद होता, आणि मला वाटलं, आता आमच्यातही काही बदलेल, मी खरंच त्यांची पुतणी होईन.

झालं उलटंच. किचनरला परतल्यावर काका मला टाळायला लागले. बेल वाजेनाशी झाली. निरोप असला तर साइड डोअरला चिठ्ठी चिकटवलेली असायची. ड्राइव्हवेत समोरासमोर आलो तर ते माझ्या चेहऱ्याकडे न बघता हवामानाबद्दल बोलायचे. माझ्याशी बोलताना त्यांचं मराठीसुद्धा अडखळायचं. एकदा मी मंडळात कोणाशी तरी हसत होते आणि सहज वळले, तर ते लांबून माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की हा माणूस मला भितो. मी, जी पालीला घाबरते, तिला कोणीतरी घाबरत होतं. वरच्या मजल्यावर त्यांची पावलं वाजली की मला पूर्वी धीर यायचा. आता मला वाटायचं, मीही खाली जपून चालावं, त्यांना मी घरात आहे हे कळू नये. मला लांब ओटावाला, कनाटा भागात नोकरी लागली तेव्हा मी ते सांगायला पुढच्या दाराने वर गेले. त्यांनी अभिनंदन केलं, माझ्यासाठी चहा केला, आणि चहा गाळताना त्यांच्या खांद्यावरून ओझं उतरताना मला दिसलं. मला ते फार लागलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोन-तीन वर्षांनी एका मैत्रिणीकडे किचनरला गेले होते, ती मला मंडळाच्या संक्रांतीला घेऊन गेली. शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम होता. जेवणं झाली होती आणि काका एका टेबलाशी बसले होते, केस पार पांढरे, टाय तसाच. भोवती नवी पोरं होती, मी ओळखत नव्हते त्यातल्या कुणाला. काका रंगात येऊन इंग्लंडबद्दल बोलत होते, तो सुंदर उच्चार जागेवर होता, आणि पोरं खुशीत ऐकत होती. मी लांब उभी राहून ऐकत होते. मग एका चष्मेवाल्या पोराने विचारलं, "काका, तुम्ही तिकडे नेमके कशात होता?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

ते थांबले. सीमेवरच्या काउंटरपाशी वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हाचा तोच चेहरा. पोरं वाट बघत होती. मला धावत जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, सांगावंसं वाटलं की तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी जे केलंत ते माझ्या सख्ख्या काकांनी केलं नसतं. पण मी एक पाऊल जरी पुढे टाकलं असतं तरी त्यांचा जीव गेला असता. मी खुर्चीवरचं जॅकेट उचललं, मैत्रिणीला डोकं दुखतंय म्हणून खुणेने सांगितलं आणि दाराकडे निघाले. त्यांना हवं ते उत्तर देता यावं म्हणून मी भरभर चालले, आणि ते ऐकू येऊ नये म्हणून जिमचं जड दार मी माझ्यामागे नीट लावून घेतलं.